कामरूपी नायक आणि प्रणयकादंबरीचा वाचक : वाचकमतांचे एक विवेचन

सारांश

इंग्रजी लोकप्रिय साहित्यात गेल्या तीन दशकांत 'पॅरानॉर्मल रोमान्स' हा उपप्रकार स्थिरावला आहे. त्यातही मनुष्यरूप व पशुरूप अशी दोन्ही रूपे धारण करणाऱ्या नायकाच्या प्रेमकथांना मोठा वाचकवर्ग, विशेषतः स्त्रीवाचकवर्ग, लाभला आहे. या कादंबऱ्यांची दखल समीक्षेने उशिरा आणि अनेकदा तुच्छतेने घेतली. वाचकांनी मात्र त्यांवर सातत्याने आणि बारकाईने मते मांडली. प्रस्तुत लेखात या वाचकमतांतील प्रमुख मुद्द्यांचे विवेचन केले आहे. नियत जोडीदार, 'अल्फा' नायक, नायकाचा अपराध व क्षमा, कळपरूपी कुटुंब, कल्पितविश्वाची सुसंगती आणि आदिवासी समाजाचे चित्रण या सहा मुद्द्यांभोवती ही मते फिरताना दिसतात. निश्चिती आणि निवड यांतील ताण हा त्यांपैकी बहुतेक मतभेदांच्या मुळाशी आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

बीजसंज्ञा : प्रणयकादंबरी, कामरूपी नायक, वाचकमत, नियत जोडीदार, संमती, लोकप्रिय साहित्य.

१. प्रस्तावना

साहित्यव्यवहारात लेखक, साहित्यकृती आणि वाचक हे तीन घटक महत्त्वाचे मानले जातात. असे असले तरी समीक्षेचे लक्ष प्रामुख्याने पहिल्या दोन घटकांवर केंद्रित झालेले आढळते. वाचकाचा विचार होतो तोही बहुधा 'रसिक' किंवा 'सहृदय' या आदर्श रूपात. प्रत्यक्ष पैसे मोजून पुस्तक घेणारा, ते आवडले नाही तर अर्ध्यावर टाकून देणारा आणि आवडले तर मैत्रिणीला देणारा वाचक समीक्षेच्या कक्षेत अभावानेच येतो. लोकप्रिय साहित्याच्या बाबतीत तर हा वाचक भाबडा, पलायनवादी व अभिरुचिहीन आहे असे गृहीत धरूनच चर्चेला आरंभ केला जातो.

स्त्रियांच्या वाचनाबाबत हे गृहीतक अधिकच घट्ट आहे. रहस्यकथा वाचणाऱ्या पुरुषाला कोणी खुनाचे आकर्षण आहे असे म्हणत नाही. पण लांडगा होणाऱ्या नायकाची प्रेमकथा वाचणाऱ्या स्त्रीला हिंसक पुरुषच हवा असतो, असा निष्कर्ष मात्र सहज काढला जातो. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य आहे हे ठरवायचे असेल, तर ती स्त्री त्या कथेविषयी काय म्हणते हे आधी ऐकून घ्यावे लागते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन हेच आहे. लेखाचे स्वरूप विवेचनात्मक असून प्रकाशित कादंबऱ्या, त्यांवरील उघड चर्चा आणि पूर्वीचे संशोधन हा त्याचा आधार आहे.

२. संकल्पनेचे स्पष्टीकरण

'रोमान्स' या संज्ञेची सर्वाधिक प्रचलित व्याख्या १९८० मध्ये स्थापन झालेल्या 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेची आहे. या व्याख्येनुसार कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकथा असावी आणि तिचा शेवट भावनिकदृष्ट्या समाधान देणारा व आशावादी असावा, एवढ्या दोनच अटी पुरेशा आहेत. याच कथेत अतिमानवी घटकाचा समावेश झाला की ती 'पॅरानॉर्मल रोमान्स' ठरते. रक्तपिपासू, भूत, चेटकीण, देवदूत आणि रूप बदलणारे प्राणी ही या प्रकारातील नेहमीची पात्रे होत.

यांपैकी रूप बदलणाऱ्या पात्राला इंग्रजीत 'शेपशिफ्टर' म्हणतात. मराठी वाचकाला त्यासाठी नवा शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. इच्छेनुसार रूप घेणारा या अर्थाचा 'कामरूपी' हा शब्द संस्कृत महाकाव्यांपासून आपल्याकडे रूढ आहे. प्रस्तुत लेखात तोच वापरला आहे. या कादंबऱ्यांतील कामरूपी नायक बहुधा लांडगा असतो. त्याखेरीज बिबट्या, जग्वार, सिंह, अस्वल, गरुड आणि ड्रॅगन यांनाही या साहित्यात स्थान मिळाले आहे.

पारंपरिक भयकथेतील 'वेअरवुल्फ' आणि प्रणयकादंबरीतील कामरूपी नायक यांत एक मूलभूत भेद आहे. भयकथेत रूपांतर हा शाप असतो, रोग असतो. पौर्णिमेच्या रात्री माणूस आपले भान गमावतो आणि त्याच्या हातून हत्या घडते. प्रणयकादंबरीत मात्र रूपांतर हा बहुधा जन्मसिद्ध गुण असतो. पशुरूपातही नायकाची ओळख, स्मृती आणि निष्ठा शाबूत राहते. भयकथेत ज्यापासून पळायचे, त्याच्याजवळ प्रणयकथेत जायचे असते.

३. पूर्वपीठिका

पशुरूपी प्रियकराची कथा प्राचीन आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अॅप्युलियसने सांगितलेल्या क्यूपिड व सायकी यांच्या कथेत आपला अदृश्य पती कोणी राक्षसी सर्प असावा अशी भीती नायिकेला घातली जाते. बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीने 'बिस्क्लाव्हरे' या कथाकाव्यात लांडगा होणाऱ्या सरदाराची कथा सांगितली. नवरा लांडगा होतो हे कळताच पत्नी भयभीत होते आणि त्याची वस्त्रे चोरून नेण्याची व्यवस्था करते. वस्त्रांवाचून त्याला पुन्हा माणूस होता येत नाही. १७४० मध्ये मादाम द व्हिलनव्ह यांनी 'ब्यूटी अँड द बीस्ट' ही कथा विस्ताराने लिहिली. १७५६ मध्ये मादाम ल प्रिन्स द बोमाँ यांनी तिला संक्षिप्त रूप दिले. आज जगभर परिचित असलेले रूप मुख्यतः यातूनच पुढे आले आहे.

या परंपरागत कथेत शेवटी पशू नाहीसा होतो आणि राजपुत्र उरतो. नायिकेच्या प्रेमाचे फळ म्हणजे पशुत्वाचा अंत होय. आधुनिक कामरूपी कादंबरीत असे घडत नाही. शेवटच्या पानावरही नायक लांडगाच असतो आणि नायिकेने त्याला दोन्ही रूपांसह स्वीकारलेले असते. या एका बदलामुळे जुन्या कथेचा आशयच पालटतो. पुरुषाला 'सुधारणे' ही नायिकेची जबाबदारी उरत नाही.

आधुनिक काळात सुझन क्रिनार्ड यांची 'प्रिन्स ऑफ वुल्व्ज' (१९९४) आणि क्रिस्टीन फीहान यांची 'डार्क प्रिन्स' (१९९९) या कादंबऱ्यांनी या प्रवाहाला बळ दिले. केली आर्मस्ट्राँग या कॅनेडियन लेखिकेची 'बिटन' २००१ मध्ये प्रकाशित झाली. २००५ मध्ये स्टेफनी मेयर यांच्या 'ट्वायलाइट' मालिकेस आरंभ झाला आणि तिच्या जगभरात दहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. २००६ या एकाच वर्षी पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची 'मून कॉल्ड' आणि नलिनी सिंग यांची 'स्लेव्ह टू सेन्सेशन' या दोन दीर्घ मालिकांची पहिली पुस्तके आली. नलिनी सिंग यांचा जन्म फिजीचा असून त्या न्यूझीलंडमध्ये वाढल्या. हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेनेही याच वर्षी 'नॉक्टर्न' ही अतिमानवी प्रणयकथांची स्वतंत्र माला सुरू केली. पुढे २००७ मध्ये अॅमेझॉनचे किंडल हे वाचनयंत्र व त्यासोबत स्वयंप्रकाशनाची सोय उपलब्ध झाली. त्यानंतर प्रकाशकाच्या निवडीवाचूनही लेखक थेट वाचकांपर्यंत पोहोचू लागले व या उपप्रकाराची निर्मिती झपाट्याने वाढली.

४. वाचकमताच्या अभ्यासाची दिशा

प्रणयकादंबरीच्या वाचकांचा गांभीर्याने विचार करणारा पहिला महत्त्वाचा अभ्यास म्हणून जॅनिस रॅडवे यांच्या 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या ग्रंथाचा उल्लेख केला जातो. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका गावाला 'स्मिथटन' हे कल्पित नाव देऊन त्यांनी तेथील एका पुस्तकविक्रेतीच्या नियमित गिऱ्हाईक असलेल्या स्त्रियांशी संवाद साधला. बेचाळीस स्त्रियांनी प्रश्नावली भरून दिली. त्यांपैकी काहींच्या सविस्तर मुलाखती घेण्यात आल्या.

या अभ्यासातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे या स्त्रियांच्या दृष्टीने वाचनाची कृती स्वतःच महत्त्वाची होती. घरातील सर्वांची काळजी वाहणाऱ्या स्त्रीने हातात पुस्तक घेणे म्हणजे 'हा वेळ माझा आहे' असे सांगणे होते. दुसरी गोष्ट अशी की, या वाचक चोखंदळ होत्या. सुखान्त त्यांना अनिवार्य वाटे. बलात्कार आणि दुःखान्त या गोष्टी कादंबरीत मुळीच असू नयेत असे त्यांचे मत होते. नायकात बुद्धिमत्ता, हळुवारपणा आणि विनोदबुद्धी असावी अशी त्यांची अपेक्षा होती.

रॅडवे यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. या वाचनात निषेधाचा अंश आहे, पण नायकाचे प्रारंभीचे रुक्ष वर्तन हे खोल प्रेमाचेच लक्षण होते असा अर्थ लावायला कादंबरी शिकविते व त्यामुळे प्रत्यक्षातील विषमता अबाधित राहते, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या आधी टानिया मोडलेस्की यांनी 'लव्हिंग विथ अ व्हेंजन्स' (१९८२) या ग्रंथात याच प्रकारच्या कथांत दडलेल्या स्त्रियांच्या रोषाकडे लक्ष वेधले होते. पुढे पामेला रेजिस यांनी 'अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल' (२००३) मध्ये प्रणयकादंबरी स्त्रीला बंदिस्त करीत नाही, तर अडथळे पार करून तिला निवडीचे स्वातंत्र्य मिळवून देते, अशी भूमिका मांडली.

कामरूपी कादंबरीच्या संदर्भात रॅडवे यांचा मुद्दा विशेष उपयुक्त ठरतो. सामान्य प्रणयकथेत रुक्ष नायकाच्या अंतरंगात प्रेम आहे हे वाचकाला अनुमानाने ओळखावे लागते. कामरूपी कथेत नायकाचे अंतरंग एका स्वतंत्र पात्राच्या रूपाने उभेच असते. माणूस खोटे बोलू शकतो, लांडगा बोलू शकत नाही. माणूस अडखळतो, लांडगा गंधाने क्षणात ओळखतो. नायकाच्या प्रेमाबद्दलची शंका अशा रीतीने दूर होते. ही निश्चिती हेच या प्रकाराचे मोठे आकर्षण होय. तिची किंमत कोणती, हा वाचकांमधील वादाचा विषय आहे.

५. वाचकमतांतील प्रमुख मुद्दे

५.१ नियत जोडीदार

बहुसंख्य कामरूपी कादंबऱ्यांत प्रत्येकासाठी एकच जोडीदार नियत असतो आणि भेट होताच त्याची ओळख पटते. या कल्पनेचे समर्थन करणाऱ्या वाचकांचे म्हणणे असे असते की, प्रत्यक्ष आयुष्यात माणूस बदलतो, सोडून जातो, फसवितो. कथेत तरी सोडून न जाणारा कोणी असावा. विरोधी मत मांडणाऱ्यांचा आक्षेप असा की, जोडीदार आधीच ठरलेला असेल तर प्रेम कुठे घडले? नायिकेच्या गुणांमुळे तो तिच्याकडे आला की शरीरधर्मामुळे? आणि तिला तो नको असेल तर?

या वादाचे सर्वपरिचित उदाहरण 'ट्वायलाइट' मालिकेत सापडते. या मालिकेतील कामरूपी तरुणांना 'इम्प्रिंटिंग' नावाचा अनुभव येतो. एका व्यक्तीवर त्यांचे चित्त कायमचे जडते. मालिकेचा शेवटचा भाग 'ब्रेकिंग डॉन' २००८ मध्ये प्रकाशित झाला. त्यात जेकब या नायकतुल्य पात्राचे चित्त नवजात बालिकेवर जडते. तूर्त हे नाते संरक्षकाचे आहे असे कादंबरी सांगते. तरीही ही घटना अनेक वाचकांना, जेकबच्या चाहत्यांनाही, खटकली. ज्या मुलीला अद्याप बोलता येत नाही तिचे भवितव्य ठरून गेले, हा आक्षेप मूलगामी होता. नियतीची कल्पना शेवटपर्यंत ताणली की संमतीला जागा उरत नाही, हे वाचकांनी येथे अचूक ओळखले.

इतर लेखिकांनी या अडचणीवर निरनिराळे उपाय योजलेले दिसतात. नलिनी सिंग यांच्या मालिकेत पुरुषाला ओढ जाणवली तरी स्त्रीने स्वीकारल्याखेरीज बंध पूर्ण होत नाही. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांच्या 'क्राय वुल्फ' (२००८) मध्ये नायक चार्ल्स याच्यातील लांडग्याने नायिका अॅना हिला आधीच निवडलेले असते, पण दोन माणसांमधील नाते मात्र हळूहळू, विश्वासाने उभे करावे लागते. नियती दार उघडते, उंबरठा ओलांडायचा की नाही हे नायिका ठरविते, अशी ही मांडणी आहे. ती बहुसंख्य वाचकांना अधिक समाधान देते असे चर्चेवरून दिसते. अलीकडच्या स्वयंप्रकाशित कादंबऱ्यांत नियत जोडीदाराला नाकारण्याचे कथासूत्रही लोकप्रिय झाले आहे. वाचकांच्या आक्षेपांना साहित्याने दिलेला हा प्रतिसाद म्हणता येईल.

५.२ 'अल्फा' नायक

कळपाचा बलवान प्रमुख तो 'अल्फा' ही कल्पना या कादंबऱ्यांचा कणा आहे. नायक आज्ञा करणारा, मत्सरी व मालकीची भावना बाळगणारा असतो. या वर्तनाचे समर्थन 'तो लांडगा आहे' या एका वाक्याने केले जाते. याविषयी वाचकांत उघड दोन तट आहेत. एका मतानुसार कल्पिताच्या सुरक्षित चौकटीत अशा नायकाचा अनुभव घेणे म्हणजे प्रत्यक्षात तसा नवरा मागणे नव्हे. कादंबरी मिटता येते. दुसऱ्या मतानुसार नायिकेला कोंडून ठेवणे वा तिच्या हालचालींवर पहारा ठेवणे याला प्रेमाचे नाव देणे घातकच असते, नायक चतुष्पाद असो वा द्विपाद.

येथे प्राणिशास्त्राचा संदर्भ उद्बोधक ठरतो. लांडग्यांतील वर्चस्वक्रमाची कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ मधील अभ्यासाने प्रसृत झाली. हा अभ्यास प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त लांडग्यांवर आधारलेला होता. अमेरिकन संशोधक एल. डेव्हिड मेक यांच्या 'द वुल्फ' (१९७०) या ग्रंथाने ती सर्वदूर पोहोचविली. तथापि कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर मुक्त लांडग्यांचे अनेक वर्षे निरीक्षण केल्यावर मेक यांनीच १९९९ मध्ये ती दुरुस्त केली. नैसर्गिक कळप म्हणजे सामान्यतः आईबाप आणि त्यांची पिले यांचे कुटुंब असते. तेथे प्रमुखपद लढून मिळवावे लागत नाही, ते मातृत्वपितृत्वातून येते.

हा शोध परिचित असलेले वाचक कादंबरीतील 'नैसर्गिक' वर्चस्वावर बोट ठेवतात. निसर्गात जे नाही त्याला निसर्गाचा आधार कसा देता, असा त्यांचा प्रश्न असतो. यावर दुसरे वाचक उत्तर देतात की, माणसाचा लांडगा होणे तरी निसर्गात कोठे आहे? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र कादंबरी स्वतःच्या बचावासाठी जेव्हा प्राणिशास्त्राचा दाखला देते, तेव्हा तो दाखला तपासण्याचा अधिकार वाचकाला प्राप्त होतो. अल्फा पुरुष ही निसर्गाची नव्हे, माणसाच्या कल्पनेची निर्मिती आहे, एवढे यातून निश्चित होते.

५.३ नायकाचा अपराध आणि क्षमा

'बिटन' या कादंबरीची नायिका एलेना ही तिच्या विश्वातील एकमेव स्त्री-वेअरवुल्फ आहे. तिला तसे बनविणारा तिचा प्रियकर क्लेटन हाच आहे. त्याने तिची अनुमती न घेता तिला चावा घेतला आणि तिचे पूर्वायुष्य संपुष्टात आले. ती त्याच्यापासून दूर जाऊन सामान्य जीवन जगू पाहते, या बिंदूपासून कादंबरी पुढे सरकते.

क्लेटनला क्षमा करावी काय, हा प्रश्न या कादंबरीच्या वाचकांपुढे अटळपणे उभा राहतो. काहींच्या मते हा अपराध अक्षम्य असून पुढील प्रेमकथा त्यावर पांघरूण घालते. इतरांच्या मते एलेनाचा दीर्घकाळ टिकलेला संताप हाच कादंबरीचा खरा विषय आहे व तो खरा असल्यामुळेच पुनर्मीलनाला अर्थ येतो. या मतभेदातून वाचकांचा एक निकष स्पष्ट होतो. अपराध घडला की नाही यापेक्षा कादंबरीने त्याला अपराध म्हटले की नाही, याला ते अधिक महत्त्व देतात. ज्या कादंबरीत असे कृत्य प्रणय म्हणून खपविले जाते तिला हे वाचक कठोरपणे नाकारतात.

५.४ कळपरूपी कुटुंब

कामरूपी कादंबरीची प्रेमकथा सहसा दोघांपुरती राहत नाही. नायिकेला नायकाबरोबर त्याचा कळपही मिळतो. भावंडे, वडीलधारी मंडळी, मुले, आजारपणात धावून येणारे सोबती असा गोतावळा तिच्याभोवती उभा राहतो. अनेक वाचक मालिकेच्या दहाव्या-पंधराव्या भागापर्यंत टिकून राहतात ते नायकनायिकेपेक्षा या कळपासाठी, असे त्यांच्या प्रतिक्रियांवरून जाणवते. विखुरलेल्या कुटुंबव्यवस्थेत वावरणाऱ्या वाचकाला एकत्र राहणाऱ्या समूहाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. नलिनी सिंग यांच्या विश्वात तर भावनाशून्यतेची शिस्त पाळणारा 'साय' समाज आणि स्पर्शाला जीवनावश्यक मानणारा कामरूपी समाज यांचा विरोधच कथेचा पाया आहे.

या चित्राची दुसरी बाजूही वाचक दाखवून देतात. ब्रिग्ज यांच्या विश्वात कळपातील स्त्रीचे स्थान तिच्या जोडीदाराच्या स्थानावरून ठरते. हा नियम वाचकांना अन्यायकारक वाटतो, आणि लेखिकेने तो अन्यायकारक म्हणूनच रंगविला आहे की काय यावर मतभेद होतात. अॅना ही 'ओमेगा' असून उतरंडीच्या बाहेर आहे. पूर्वीच्या कळपात तिचा छळ झालेला आहे. कळप आधार देतो तसा कोंडमाराही करतो, ही जाणीव या कादंबरीत आहे. एकत्र कुटुंबाचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

५.५ कल्पितविश्वाची सुसंगती

अतिमानवी कथेचा वाचक काहीही मान्य करतो, हा समज चुकीचा आहे. माणसाचा बिबट्या होतो हे तो मान्य करतो, परंतु त्यानंतर नियम पाळले जावेत असा त्याचा आग्रह असतो. रूपांतराच्या वेळी कपड्यांचे काय होते? रूपांतर वेदनादायक असेल तर नायक दिवसातून चार वेळा रूप कसे बदलतो? पहिल्या भागात जखम भरायला एक रात्र लागली, तर पाचव्या भागात क्षणात कशी भरली? असे प्रश्न सतत विचारले जातात. 'बिस्क्लाव्हरे'मध्ये वस्त्र हा मनुष्यत्वाचा निर्णायक धागा होता. आजच्या वाचकाचा कपड्यांविषयीचा प्रश्न विनोदाच्या अंगाने येत असला, तरी तो त्याच जुन्या कुतूहलाचा वारस आहे.

सुसंगतीचा हा आग्रह केवळ तांत्रिक नसतो. पशुरूप आणि मनुष्यरूप यांचा परस्परसंबंध सैल असेल तर पशुत्व ही निव्वळ सजावट ठरते. नायक पुस्तकभर नुसता गुरगुरतो, एरवी तो कोणत्याही श्रीमंत व उद्धट नायकासारखाच आहे, ही तक्रार वाचक वारंवार करतात. तीत उत्तम समीक्षा सामावलेली आहे.

५.६ आदिवासी समाजाचे चित्रण

'ट्वायलाइट' मालिकेतील कामरूपी तरुण अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील ला पुश येथे राहणाऱ्या क्विल्यूट या प्रत्यक्ष आदिवासी समाजाचे दाखविले आहेत. या समाजाच्या परंपरेत त्यांचे पूर्वज लांडग्यांपासून घडविले गेले अशी उत्पत्तिकथा आहे. कादंबरीतील रक्तपिपासूंशी लढणारे लांडगे-योद्धे मात्र लेखिकेची निर्मिती होत. मालिकेच्या प्रसिद्धीनंतर पर्यटकांचा ओघ सुरू झाला व समाजाच्या नावावर विविध वस्तूंची विक्री होऊ लागली. कायद्याच्या प्राध्यापक अँजेला रायली यांनी २०१० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील लेखात या व्यवहारात क्विल्यूट समाजाला विचारात घेतले गेले नाही याकडे लक्ष वेधले. सिएटल येथील बर्क संग्रहालयानेही या समाजाच्या सहकार्याने कादंबरी व वास्तव यांतील अंतर स्पष्ट करणारी माहिती प्रसिद्ध केली.

या घटनेनंतर वाचकचर्चेत एका नव्या प्रश्नाची भर पडली. गौरवर्णीय रक्तपिपासू सुसंस्कृत आणि आदिवासी तरुण मात्र पशुरूप, उष्ण, अनावर, ही विभागणी निरागस आहे काय? 'पशुत्व' हे रूपक सर्वांना सारखे लागू पडत नाही. ज्या समाजाला इतिहासात पशू म्हणून हिणवले गेले, त्याच्या वाट्याला ते आले की रूपकाचा अर्थ बदलतो. संमतीचा प्रश्न येथे नायिकेपुरता न राहता एका समाजाच्या कथेपर्यंत विस्तारतो.

६. भारतीय संदर्भ

कामरूपी प्रियकराची कल्पना भारतीय वाचकाला अपरिचित नाही. महाभारताच्या आदिपर्वातील हिडिंबा भीमाला पाहून मोहित होते, सुंदर मानवी रूप धारण करते आणि आपण कोण व कशासाठी आलो हे त्याला सांगून टाकते. येथे रूप बदलणारी स्त्री आहे आणि ती सत्य लपवीत नाही. याउलट गिरीश कार्नाड यांच्या 'नागमंडल' (१९८८) या लोककथाधिष्ठित नाटकात नाग पतीचे रूप घेऊन राणीकडे येतो. तिला ते ठाऊक नसते. आधुनिक कामरूपी कादंबरीच्या वाचकांचा निकष लावला, तर हिडिंबेची कथा त्यांना सहज मान्य होईल. नागाची कथा मात्र त्यांना अस्वस्थ करील, कारण खरे रूप उघड करणे ही त्यांच्या दृष्टीने प्रेमाची पूर्वअट आहे.

नियत जोडीदाराची कल्पनाही येथे परकी वाटत नाही. लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात, असे मराठी घरांत सर्रास म्हटले जाते. हे वचन कोणाला धीर देते, तर कोणाला नको असलेल्या संसारात गप्प बसविते. इंग्रजी कादंबरीच्या वाचकांनी 'निश्चिती हवी, पण नकार देण्याची मुभाही हवी' असा जो आग्रह धरला, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.

मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा-गूढकथांना, तसेच चंद्रकांत काकोडकर यांच्या प्रणयकथांना मोठा वाचकवर्ग मिळाला. काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवरील अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९६९ मध्ये निर्णय त्यांच्या बाजूने लागला. त्या कथेचा वाचकावर काय परिणाम होईल याची चर्चा न्यायालयांत झाली. वाचकाच्या वतीने इतरांनी बोलण्याची ही रीत आपल्याकडेही जुनीच आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कामरूपी प्रणयकादंबरीचे वाचक निष्क्रिय ग्राहक नाहीत. संमती, न्याय, सुसंगती व प्रतिनिधित्व या निकषांवर ते साहित्यकृतीची परीक्षा करतात, जरी ही परिभाषा ते नेहमी वापरीत नाहीत.

२) पशुरूपामुळे नायकाच्या प्रेमाची निश्चिती मिळते, हे या प्रकाराचे मुख्य आकर्षण आहे. हीच निश्चिती नायिकेची निवड हिरावून घेऊ लागली की वाचक विरोध करतात.

३) हिंसक वर्तन कथेत असणे आणि कथेने त्याचे समर्थन करणे यांत वाचक भेद करतात. त्यामुळे वाचकांना हिंसा प्रिय असते हे सरसकट विधान टिकत नाही.

४) 'नैसर्गिक' पुरुषी वर्चस्वाची कल्पना प्राणिशास्त्राने दुरुस्त केली आहे. ती कादंबरीत टिकून असली तरी वाचकांतूनच तिला आव्हान मिळत आहे.

५) वाचकांच्या आक्षेपांचा परिणाम साहित्यनिर्मितीवर होताना दिसतो. स्त्रीच्या स्वीकारावर अवलंबून असलेला बंध आणि जोडीदाराला नाकारण्याचे कथासूत्र ही त्याची उदाहरणे होत.

समारोप

लोकप्रिय कादंबरीचे वाङ्मयीन मूल्य काय, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक कादंबरीसाठी वेगळे असेल. परंतु दिवसभराची कामे आटोपून रात्री दोन तास लांडग्याची प्रेमकथा वाचणारी स्त्री त्या दोन तासांत विचार करणे थांबवीत नाही. नायकाने दार बाहेरून बंद केले तेव्हा तिने पुस्तक बाजूला ठेवले आणि का ठेवले हे दुसऱ्या वाचकाला सांगितले, तर ते समीक्षेचेच कार्य होय. महाविद्यालयीन अध्ययन-अध्यापनात अशा वाचनाला हसण्याऐवजी विद्यार्थिनींना 'हे पुस्तक कोठे आवडले आणि कोठे खटकले' एवढा साधा प्रश्न विचारला, तरी वाङ्मयाभ्यासाची एक नवी वाट खुली होऊ शकेल.